घरातली चिल्लर कॉइन सॉर्टरने कशी लावावी

भाजी, रिक्षा, दूध सगळं यूपीआयवर भागायला लागलं तशी खिशातली चिल्लर फिरायची थांबली आणि घरात साचायला लागली. फ्रिजवरची वाटी, मुलांचा गल्ला, देव्हाऱ्यातला डबा, आरतीच्या ताटात पडलेले पैसे, गाडीतला कप्पा. हे सगळं एकत्र ओतलं की रक्कम आपल्या अंदाजापेक्षा बरीच मोठी निघते. दुसरीकडे कोपऱ्यावरचा दुकानदार दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो, कारण त्याच्याकडे सुट्टे नसतात. ही नाणी पुन्हा चलनात गेली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी ती वेगवेगळी लावावी लागतात, आणि ते काम हाताने हलवायच्या साध्या कॉइन सॉर्टरने निम्म्याहून कमी वेळात होतं. फक्त तो भारतीय नाण्यांसाठी कसा वापरायचा हे नीट समजून घ्यायला हवं.

सॉर्टर नेमकं काय करतो

हातसॉर्टर दोन प्रकारचे मिळतात. एकात उतरती पट्टी असते. नाणं कडेवर उभं राहून घरंगळत जातं, आधी लहान खाच, मग मोठी, आणि आपल्या मापाची खाच आली की खाली पडतं. दुसऱ्यात एकावर एक ठेवलेले भोकांचे ट्रे असतात. सर्वांत वर मोठी भोकं, खाली लहान. धान्य चाळतो तसं हलवलं की मोठी नाणी वर राहतात, लहान खाली उतरतात.

दोन्ही सॉर्टर पाहतात ते नाण्याचा व्यास, नाण्यावरची किंमत नव्हे. अमेरिकेत याने काही बिघडत नाही, कारण तिथल्या प्रत्येक नेहमीच्या नाण्याचं माप ठरलेलं आहे. क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) म्हणजे २४.२६ मिलिमीटर, डाइम (१० सेंटचं) म्हणजे १७.९१. आपल्याकडे एकाच किमतीची वेगवेगळ्या मापांची नाणी एकाच वेळी चलनात आहेत. २०११ च्या मालिकेतला दोन रुपया २५ मिलिमीटरचा, २०१९ च्या मालिकेतला २३ चा. पाच रुपयाचं बरोबर उलटं झालं: आधी २३, नंतर २५. नव्वदच्या दशकातला स्टीलचा एक रुपयाही २५ चाच. म्हणजे २५ मिलिमीटरच्या भोकातून एक, दोन आणि पाच अशी तिन्ही नाणी एकत्र खाली पडतात. सॉर्टर घेऊन निराश झालेली माणसं बहुतेक इथेच अडकतात.

उपाय सोपा आहे. रंगाचं काम डोळ्यांनी करायचं आणि मापाचं काम सॉर्टरला द्यायचं.

कोणता सॉर्टर घ्यावा

ट्रेचाच घ्या, असं मी सांगेन. आपली सगळी नाणी गोल नाहीत. वीस रुपयाला बारा बाजू आहेत आणि जुन्या दोन रुपयाला अकरा. पट्टीवर ती नीट घरंगळत नाहीत, मध्येच आडवी होऊन मागच्यांना अडवतात. ट्रेमध्ये ही अडचण येत नाही.

विकत घेताना भोकांची मापं विचारा. डॉलर किंवा युरोसाठी बनवलेला सॉर्टर इथे उपयोगाचा नाही. परदेशातल्या नातेवाइकांनी हौसेने आणलेल्या अमेरिकन सॉर्टरमध्ये क्वार्टरचं भोक पार करतानाच आपली २५ आणि २७ मिलिमीटरची नाणी अडतात, आणि डाइमच्या भोकातून आपलं चालू असलेलं एकही नाणं जात नाही.

त्यापेक्षा करून घेणं बरं. नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानांत लेझरने अ‍ॅक्रिलिक कापून देतात. ३ मिलिमीटर जाडीच्या चार चौकोनी शीट सांगा आणि भोकांचे व्यास असे द्या: पहिल्या शीटला २५.५ मिलिमीटर, दुसऱ्या शीटला २४, तिसऱ्या शीटला २२.५, चौथ्या शीटला २१. प्रत्येक शीटला चारी बाजूंनी दोन-तीन बोटं उंचीची कड लावली की ट्रे तयार. सर्वांत खाली बिनभोकांचा डबा. भोकं जितकी जास्त तितकं काम लवकर, पण दोन भोकांत ५-६ मिलिमीटर जागा राहू द्या, नाहीतर शीट मध्येच तडकते. पुठ्ठ्यावर कटरने भोकं पाडायचा मोह टाळा. २२ आणि २३ मधला फरक एका मिलिमीटरचा आहे, तो हाताने साधत नाही.

पायरी १: धुणं

देव्हाऱ्यातली आणि ओवाळणीच्या ताटातली नाणी तेल-कुंकवाने चिकट झालेली असतात. तशीच ट्रेमध्ये टाकली तर एकमेकांना चिकटून दोन-दोन वर राहतात. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पंधरा मिनिटं भिजवा, चोळा, धुवा आणि जुन्या पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओली नाणी अ‍ॅक्रिलिकवर सरकत नाहीत. चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत करायची गरज नाही. खूप जुनं नाणं निघालं तर ते तसं घासूच नका, संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत त्याने कमी होते.

पायरी २: रंगाने तीन ढीग

नाणी मोठ्या परातीत ओता आणि हाताने तीन भाग करा.

पिवळी नाणी सगळी पाच रुपयांची. लहान असो, मोठं असो, कोणाचा मुखवटा असलेलं स्मरणार्थ काढलेलं असो, पिवळं दिसलं की पाच. यांना सॉर्टरची गरज नाही.

दुरंगी नाणी दहा आणि वीसची. दोन्ही २७ मिलिमीटरची, म्हणून सॉर्टरला ती कधीच वेगळी करता येणार नाहीत. डोळ्यांना मात्र क्षणात कळतात: दहाला कड पिवळी आणि मध्य पांढरा, वीसला कड पांढरी आणि मध्य पिवळा. अंधारातही बोट फिरवलं तर वीसच्या बारा बाजू लागतात.

उरलेला पांढरा ढीग सॉर्टरचा. त्यात आठ आणे, एक, दोन आणि जुने पाच असतात, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा ढीग हाच.

पायरी ३: ट्रे हलवणं

मोठी भोकं वर येतील अशा क्रमाने ट्रे रचा. एका वेळी दोन मुठी नाणी टाका, जास्त नको. नाणी ट्रेमध्ये आडवी पसरली पाहिजेत. एकावर एक चढली की खालचं भोक झाकलं जातं. मग दोन्ही हातांनी सगळी चळत धरून टेबलावरच लहान लहान गोल फिरवा. वर-खाली आपटू नका. आपटल्याने नाणी उभी राहतात आणि भोकात अर्धवट रुततात. रुतलंच तर खालून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने वर ढकला.

नाणी पडण्याचा आवाज थांबला की वरचा ट्रे उचलून बाजूला रिकामा करा, मग पुढची मूठ. लय जमली की हे काम फार भरभर होतं, आणि मुलांना ते मनापासून आवडतं.

पायरी ४: प्रत्येक ट्रेवर एक नजर

रंग आधीच वेगळा केल्यामुळे आता प्रत्येक ट्रेमध्ये मोजक्याच प्रकारची नाणी उरतात.

सर्वांत वरच्या ट्रेमध्ये २६-२७ मिलिमीटरची जुनी मोठी नाणी. बहुतेक दोन रुपये: अकरा बाजूंचे, किंवा दोन बोटांच्या मुद्रेचे. क्वचित १९९० च्या आधीचा मोठा एक रुपयाही असतो.

दुसऱ्या ट्रेमध्ये २५ मिलिमीटर. इथे जुना एक रुपया आणि २०११ च्या मालिकेतला दोन रुपया एकत्र येतात. या ट्रेला वेळ द्या. दोघांचं माप सारखं, रंग सारखा आणि वजनसुद्धा सारखंच, ४.८५ ग्रॅम. आंधळ्या अंदाजाने मोजलं तर हिशोब हमखास चुकतो. सगळी नाणी आकड्याची बाजू वर करून ओळीत मांडा आणि २ वेगळे काढा.

तिसऱ्यात २३ मिलिमीटर. नवा दोन रुपया आणि जुना पांढरा पाच. जुना पाच बहुधा तांबं-निकेलचा, जाडजूड, ९ ग्रॅमचा असतो. हाताला लगेच जाणवतो. २००७ च्या सुमाराचा स्टीलचा पाच मात्र हलका आहे, त्याचा आकडा वाचावा लागतो.

चौथ्यात २२ मिलिमीटर. २०११ च्या मालिकेतला एक रुपया आणि त्याआधीचे आठ आणे. पुन्हा माप आणि वजन जवळपास एकच. इथेही आकडाच वाचायचा.

तळाच्या डब्यात २०१९ च्या मालिकेतला छोटा एक रुपया, त्याहून किंचित लहान नवे आठ आणे, आणि कधीकधी गेंड्याचं चित्र असलेले चार आणे. चार आणे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाली आहेत, ती बाजूला काढा. आठ आणे मात्र आजही कायदेशीर चलन आहेत, दुकानदार काहीही म्हणो.

मुलं सोबत असतील तर सालाखाली पाहायला सांगा. छोटा हिरा दिसला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. आकडे वाचायचा कंटाळा याने पळून जातो.

पायरी ५: मोजणं

दहा-दहाच्या चळती लावा आणि शेजारी शेजारी ठेवून उंची पाहा. एखादी चळत उंच किंवा बुटकी दिसली तर तिच्यात चुकीचं नाणं आहे किंवा मोजणी चुकली आहे.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर वजनाने पडताळा घ्या. शंभर नाण्यांचं वजन साधारण असं भरतं: २०११ च्या मालिकेतला एक रुपया ३७९ ग्रॅम, २०१९ चा ३०९, दोन रुपया आधीचा ४८५, नवा ४०७, पिवळा पाच आधीचा ६००, नवा ६७४, नवा दहा ७७४, वीस ८५४. मालिका वेगळ्या ठेवल्या तरच हा ताळा जुळतो, म्हणून वजन करायचं असेल तर पिवळे पाचही लहान-मोठे वेगळे करा. झिजलेल्या नाण्यांमुळे दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्याची चिंता नको.

पायरी ६: घरात काय ठेवायचं, बँकेत काय न्यायचं

एक रुपयाची स्वच्छ नाणी वेगळी ठेवा. ५१, १०१, ५०१ च्या आहेराच्या पाकिटाला वरचा रुपया ऐनवेळी सापडत नाही, आणि सत्यनारायणाच्या पूजेला सुपारीबरोबर सुट्टी नाणी लागतातच. पाच आणि दहा दाराजवळच्या डबीत, एसटी आणि रिक्षासाठी. कोणी दहाचं नाणं नाकारलं तर सांगा, की रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये दहाच्या नाण्याचे १४ नमुने चालू असल्याचं जाहीर केलं आहे. रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही चालतं.

दुकानात मोठी रक्कम नाण्यांत देताना एक मर्यादा लक्षात ठेवा. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर देणं ठरतात, आठ आणे दहा रुपयांपर्यंत. त्यापुढे समोरचा नाही म्हणू शकतो. स्वतःच्या खात्यात भरायला मात्र अशी मर्यादा नाही. बँकेने सर्व किमतींची नाणी घ्यावीत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, आणि त्यातच शंभर-शंभर नाण्यांची पॉलिथिनची पाकिटं सोयीची ठरतील असंही म्हटलं आहे. म्हणून एका पाकिटात एकाच किमतीची शंभर नाणी भरा आणि वर रक्कम लिहून चिठ्ठी चिकटवा. मिसळलेली पिशवी पाहून कॅशियर टाळाटाळ करतो. अशी पाकिटं नेली की त्याचं काम मोजण्यापुरतं उरतं. महिन्याची सुरुवात आणि पेन्शनचे दिवस टाळा.

नेताना जाड कापडी पिशवी घ्या. दोन रुपयांची पाच-सहा पाकिटं म्हणजे अडीच-तीन किलो वजन होतं, आणि प्लास्टिकच्या पिशवीचे बंद बँकेच्या पायऱ्या चढेपर्यंत टिकत नाहीत.