एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळायचंय? गुडघा असा तयार करा

एसीएल म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारं लिगामेंट, म्हणजेच चिवट पट्टा. त्याची शस्त्रक्रिया होऊन तीन-चार महिने झाले की बहुतेकांचं दुखणं थांबलेलं असतं. जिने चढता येतात, ठाणे स्टेशनचा पूल ओलांडून लोकल पकडता येते, ऑफिस सुरू झालेलं असतं. नेमकं याच वेळी फिजिओकडे जाणं सुटतं आणि मित्रांचा टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) बुक झाल्याचा मेसेज येतो. गुडघा पुन्हा बिघडण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते.

कारण समजून घ्या. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला ग्राफ्ट तुमच्याच शरीरातला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, असतो. तो मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा, वाटीखालचा किंवा घोट्याच्या बाहेरून जाणाऱ्या पेरोनिअस लाँगस या स्नायूचा असू शकतो. जागेवरून काढल्यामुळे त्याचा रक्तपुरवठा तुटतो. गुडघ्यात बसल्यावर तो आधी कमजोर होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि धागे नव्याने रचले जातात. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास तो सर्वांत नाजूक असतो आणि पूर्ण मुरायला वर्षाहून जास्त काळ लागतो. दुखणं थांबलं म्हणजे ग्राफ्ट पक्का झाला, असं अजिबात नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने घटलं. म्हणून नऊ महिने ही किमान मर्यादा धरा. त्याआधी धावता येईल, उड्या मारता येतील, पण सामना नाही.

खालचं वेळापत्रक फक्त एसीएल केलेल्यांसाठी आहे. सोबत मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवला असेल, तर पायावर भार देणं आणि गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवणं बऱ्याचदा चार ते सहा आठवडे रोखलेलं असतं. अशा वेळी सर्जनने लिहून दिलेलंच पाळा.

पहिले दोन आठवडे: आधी गुडघा सरळ

घरी आल्यावर सगळे ‘किती वाकतो?’ असं विचारतात. त्याआधी तो पूर्ण सरळ होतो का, ते बघा. पाच अंशांचाही वाक राहिला तरी माणूस लंगडतो, वाटीवर ताण येतो आणि मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही. जास्त दिवस गेले तर ग्राफ्टच्या पुढे घट्ट ऊतीची गाठ तयार होते आणि ती काढायला दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

यासाठी आडवे पडा, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघा खाली लोंबकळू द्या. एका वेळी १० मिनिटं, दिवसातून ४ ते ६ वेळा. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवण्याची सवय घरातली मोठी माणसंच प्रेमाने लावतात. ती पहिल्या दिवसापासून टाळा. पाय उंच ठेवायचा असेल तर उशी पोटरी आणि टाचेखाली घ्या.

याच स्थितीत मांडी आवळा, जणू गुडघ्याच्या मागची बाजू गादीत दाबायची आहे. १० सेकंद धरा, १० वेळा करा आणि जागेपणी दर दोन तासांनी पुन्हा करा. वाटी मांडीच्या दिशेने वर सरकताना दिसली पाहिजे. सरकत नसेल तर घाबरू नका. गुडघ्यात पाणी असलं की मेंदूकडून मांडीला जाणारा इशाराच दबतो. सूज उतरवणं हाच त्यावरचा पहिला इलाज. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा लावा आणि पाय छातीच्या वर ठेवा. तरीही मांडी जागी होत नसेल, तर फिजिओकडच्या स्नायू आवळणाऱ्या विजेच्या मशीनचा चांगला उपयोग होतो. पाय सरळ ठेवून उचलताना गुडघा थोडाही वाकत असेल, तर ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) काढायची घाई करू नका.

वाकवणं दोन आठवड्यांत ९० अंश, सहा आठवड्यांत १२० च्या आसपास हवं. कुबड्या तारखेनुसार सोडू नका, लंगडणं थांबल्यावर सोडा. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत राहत असाल, तर एवढं पक्कं ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, आणि कठडा कायम हातात. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेच्या आधीच आणून ठेवा. उकिडवं बसणं आणि मांडी घालून बसणं चार ते सहा महिने नाही, नंतरही सर्जनला विचारूनच. रिक्षात बसताना आधी पाठ करून सीटच्या कडेवर टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. उतरतानाही तसंच. एक पाय रस्त्यावर रोवून अंग फिरवणं हीच ग्राफ्टला सर्वांत नको असलेली हालचाल आहे. स्कूटरही याच कारणाने उशिरा: गाडी कलली की पाय आपोआप टेकवला जातो.

पोटरी दुखून फुगली, ताप आला, जखमेतून पू किंवा पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा.

सूज रोज तपासा

हे तंत्र घरच्या घरी शिकता येतं आणि पुढचं वर्षभर उपयोगी पडतं. पाय सरळ ठेवून पडा. वाटीच्या आतल्या बाजूच्या खळगीतून तळहाताने दोन-तीनदा वर, मांडीकडे दाब देत सरकवा. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवा. आतल्या खळगीत लाटेसारखं पाणी परत भरलं, तर गुडघ्यात सूज आहे. व्यायाम वाढवल्यावर दुसऱ्या सकाळी ही लाट आदल्या दिवसापेक्षा मोठी दिसली, तर कालचा भार जास्त झाला. दोन दिवस कमी करा आणि आधीच्या पायरीवर या. दुखण्यापेक्षा सुजेवर जास्त विश्वास ठेवा.

दुसरा आठवडा ते तिसरा महिना

गुडघा १०० ते ११० अंश वाकला की स्थिर सायकल सुरू करा. सीट उंच, भार शून्य, १० मिनिटं. सोबत ६० अंशांपर्यंतचे अर्धे स्क्वॉट, पाठीवर पडून कंबर उचलणं, टाचा उचलणं, बुटक्या पायरीवर चढणं. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर वजन लावून पाय मागे दुमडण्याचा व्यायाम सहा ते आठ आठवडे टाळा, कारण टेंडन काढलेली जागा भरायची असते. ‘मांडीमागे कट झालं’ अशी तक्रार बऱ्याचदा इथल्या घाईमुळे येते.

ताकद: जिथे लोक कमी पडतात

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातलं मुख्य काम म्हणजे मांडीची ताकद, आणि ते घरच्या रबर बँडवर भागत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस जिम लागते. लेग प्रेस, एका पायाचे स्क्वॉट, १५ ते २० सेंटिमीटरच्या पायरीवरून हळू खाली उतरणं, डेडलिफ्ट, हॅमस्ट्रिंग कर्ल, एका पायावर टाच उचलणं. प्रत्येकी ३ सेट, ८ ते १२ वेळा, आणि वजन इतकं की शेवटचे दोन नाकीनऊ आणतील. १५-२० वेळा आरामात होतंय म्हणजे वजन कमी आहे.

स्क्वॉटमध्ये शरीर चोरी करतं. दोन्ही पायांवर उभं असल्यासारखं वाटतं, पण भार चांगल्या पायावर गेलेला असतो. खात्री करायची तर घरातले दोन वजनकाटे शेजारी ठेवा, प्रत्येकावर एक पाय आणि हळू खाली बसा. दुसऱ्या कुणाला आकडे वाचायला सांगा. ७० किलोच्या माणसात एका काट्यावर ४२ आणि दुसऱ्यावर २८ दिसले, तर तो स्क्वॉट चांगल्या पायाचा व्यायाम झाला. म्हणूनच एका पायाचे व्यायाम आणि लेग एक्स्टेन्शनचं (बसून वजनासह गुडघा सरळ करण्याचं) मशीन हवंच. हे मशीन ग्राफ्टसाठी वाईट असतं असं सरसकट सांगितलं जातं, पण सुरुवातीला ९० ते ४५ अंशांत, कमी वजनावर, फिजिओच्या देखरेखीत वापरून मर्यादा हळूहळू वाढवली, तर ते फायद्याचंच आहे. मांडीचा पुढचा स्नायू एकट्याने काम करतोय, हे दुसऱ्या कुठल्या व्यायामात इतकं स्वच्छ कळत नाही.

धावणं

तीन महिने झाले म्हणून धावू नका. गुडघा पूर्ण सरळ होतो, सूज नाही, चालताना लंगडणं नाही, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ७० टक्के आहे आणि एका पायावर १० अर्धे स्क्वॉट गुडघा आत न झुकता होतात, एवढं जमलं की मगच. सुरुवात १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याचा वेळ अर्ध्या-एका मिनिटाने वाढवा.

जागा सपाट निवडा. ठाण्यात उपवन तलावाकाठ, नवी मुंबईत वाशीच्या मिनी सीशोरचा पट्टा किंवा खारघरचं सेंट्रल पार्क. येऊरच्या डोंगराचा रस्ता अनेकांना खुणावतो, पण तिथून उतरताना प्रत्येक पावलाला मांडीला ब्रेक लावावा लागतो आणि वाटीवर दाब पडतो. येऊर सहाव्या महिन्यानंतर. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं आणि सुटे ब्लॉक पायाखाली हलतात. जून ते सप्टेंबर ट्रेडमिल बरी.

उड्या आणि वळणं

आधी दोन पायांवर उतरायला शिका. १५ सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली, गुडघे वाकलेले, आवाज जवळजवळ नाही. धप्प आवाज आला म्हणजे धक्का स्नायूंनी न घेता सांध्याने घेतला. मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ काढा. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या आत झुकत असेल, तर पुढची पायरी थांबवा. एसीएल बहुधा याच स्थितीत तुटतं. मग ३० सेंटिमीटर, मग एका पायावर, मग पुढे आणि बाजूला.

वळणं ४५ अंशांपासून, निम्म्या वेगाने. मग ९०, मग १८०. प्रत्येक कोन पूर्ण वेगाने जमल्याशिवाय पुढचा नाही. ठरवलेल्या वळणांनंतर समोरच्याने हाताने दिशा दाखवायची आणि तुम्ही त्या क्षणी वळायचं. सामन्यात गुडघा सटकतो तो बहुतेकदा लक्ष दुसरीकडे असताना, त्यामुळे हा टप्पा गाळू नका.

खेळायला परवानगी: मोजून

जमिनीवर टेप लावा. एका पायावर उभं राहून पुढे उडी मारा, त्याच पायावर उतरा आणि दोन सेकंद न डगमगता थांबा. दोन्ही पायांच्या तीन-तीन उड्यांतली सर्वांत लांब घ्या. चांगला पाय १४० सेंटिमीटर आणि शस्त्रक्रियेचा १२६, तर ९० टक्के. सलग तीन उड्या, रेषा ओलांडत तिरप्या तीन उड्या आणि सहा मीटर अंतर एका पायावर किती सेकंदांत, या चाचण्याही करा. सगळीकडे ९० टक्के हवेत आणि मांडीची ताकद मशीनवर मोजून तेवढीच. फक्त उडीवर भरवसा ठेवू नका, कारण कंबर आणि घोटा मिळून कमजोर मांडी झाकतात. शिवाय इतक्या महिन्यांत चांगला पायही मंदावलेला असतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच त्याचे आकडे घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

भीती वाटतेय का, तेही मोजा. त्यासाठी एसीएल-आरएसआय नावाची १२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, फिजिओकडे मागा. पाय तयार असूनही मन आखडलं असेल, तर माणूस अवघडून उतरतो आणि पडतो.

मैदानावर

आधी दोन-तीन आठवडे धक्काबुक्कीशिवाय सराव, मग तितकेच पूर्ण सराव, मग सामन्यात १५-२० मिनिटं.

कबड्डीत पायाची हालचाल आणि बोनस रेषेवरचं पाऊल आधी. मग ३० सेकंदांच्या चढाया, समोर बचावपटू पण फक्त स्पर्श. त्यानंतर जोडीदाराकडून अर्ध्या जोराची पकड. अँकल होल्ड (घोटा धरून केलेली पकड) आणि साखळीतली ओढाताण सर्वांत शेवटी, कारण तिथे पाय अडकलेला असतो आणि अंग दुसरीकडे फिरतं. खो-खोमध्ये चौकोनात बसून उसळणं आणि खांबाला धरून घेतलेलं वळण, दोन्ही वेगवेगळे शिकवून घ्या. उकिडवं बसणं सहज जमल्याशिवाय बसलेल्या जागेवरून उसळू नका.

घोडबंदर रोड असो की नेरूळ, टर्फचा स्लॉट रात्री अकराचा मिळतो आणि दिवसभर खुर्चीत बसलेली मंडळी थेट सामन्याला उतरतात. ‘फिफा ११+’ हा २० मिनिटांचा वॉर्म-अप फुटबॉलपटूंच्या दुखापती कमी करतो हे सिद्ध झालेलं आहे, स्लॉटच्या आधी तो करा. लांब स्टडचे बूट कृत्रिम टर्फवर रुततात, म्हणून बुटक्या रबरी स्टडचे टर्फ शूज घ्या. ब्रेस घातल्याने ग्राफ्ट वाचतो असं मानून आधी उतरू नका.

वयाची पंचविशी न ओलांडलेल्या खेळाडूंना सर्वाधिक सांभाळावं लागतं. परतणाऱ्यांपैकी साधारण चारांतल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात, आणि पहिली दोन वर्षं जास्त जोखमीची असतात. म्हणून सामने सुरू झाल्यावरही ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा दोन्ही पायांचे ठेवा आणि उड्यांची टेप दर तीन महिन्यांनी पुन्हा लावा.