अण्णांची हरळी आणि आमचं गोल्फ मैदान

अण्णा, म्हणजे माझे शेतकरी वडील, पहिल्यांदा मैदान बघायला आले तेव्हा फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या मुख्य गवती पट्ट्यावर, उकिडवे बसले, एक कांडी मुळासकट उपटली आणि म्हणाले, "ही तर हरळी! जन्म गेला हिला खणून काढण्यात, आन् तुला हिचाच पगार?"

संभाजीनगरजवळच्या नऊ होलच्या मैदानाची देखभाल मी बारा वर्षं करतोय. अण्णांच्या त्या वाक्यातच आमचं पाण्याचं सगळं गणित आहे. शेतात जी मरता मरत नाही, तिला इथं रोज पाणी कशाला पाजायचं?

हिशोब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, पाच मिलिमीटर दिलं तर अडीच हजार लिटर. नऊ ग्रीनना साडेबावीस हजार. तेच पाच मिलिमीटर दहा एकर फेअरवेला द्यायचं तर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजारांचे वीस टँकर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात वीस टँकर गवतावर ओतायला माझा हात धजत नाही.

म्हणून मार्चपासून फेअरवेचं पाणी कमी करत न्या आणि एप्रिल-मेमध्ये बंद करा. रंग पिवळा पडेल, कमिटीतले दोन-तीन जण कुरकुरतील. त्यांना एक कांडी उकरून दाखवा: वर वाळलेली, खाली पांढरी नि टणक. मिरगाचा पाऊस नीट झाला की आठ-दहा दिवसांत हिरवं फुटतं. फक्त वाळलेल्या पट्ट्यावर गाड्या फिरू देऊ नका आणि पाणी तोडण्याआधी कापणीची उंची वाढवा.

ग्रीनला आणि टीला, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेला, मात्र पाणी लागतंच. ते किती, हे घड्याळावर ठरवू नका. सरळ काठाचे, एकाच मापाचे दहा-बारा रिकामे डबे ग्रीनवर मांडा, स्प्रिंकलर पंधरा मिनिटं चालवा आणि पट्टीनं मोजा. आमच्याकडे एका डब्यात नऊ मिलिमीटर भरलं, पलीकडच्यात जेमतेम चार! कोरड्या कोपऱ्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं सगळी ग्रीन भिजवत होतो. दोष होता एका झिजलेल्या नोझलचा.

ग्रीनवरून चालत जा आणि मागं वळून बघा. पावलांचे ठसे तसेच राहिले, गवत निळसर-राखाडी दिसलं, तर त्याला तहान लागलीय. होलची, म्हणजे चेंडूच्या खड्ड्याची, जागा बदलताना कटरनं निघालेली माती मुठीत दाबा. वाफसा, म्हणजे मातीतली बेताची ओल, ओळखायला शेतकऱ्याच्या पोराला यंत्र लागत नाही. काळी माती असेल तर पाणी एका दमात देऊ नका, वरून वाहून जातं. सात मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा सात मिनिटं. वेळ पहाटेची, वारा पडलेला असताना.

शुद्ध केलेलं सांडपाणी मिळत असेल तर जरूर घ्या, पण त्यातल्या क्षारांची, विशेषतः सोडियमची, तपासणी वर्षातून दोनदा करा. मातीवर पांढरी खपली दिसली म्हणजे उशीर झालाय.

खत थोडं थोडं द्या. फेअरवेवर कापलेलं गवत तिथंच पडू द्या, त्यातलं नत्र परत मातीतच जातं. एकदा मे महिन्यात भर दुपारी मी ग्रीनवर हातानं युरिया फेकला. पाणी सोडायला गेलो तर लाईट गायब. दोन दिवसांनी माझा हात जसा फिरला होता तसे जळके पट्टे उमटले. कमिटीनं त्यांचे फोटोही काढले.

रफ, म्हणजे फेअरवेच्या कडेची वाढलेल्या गवताची जागा, तर जवळजवळ सोडूनच द्या. बाभूळ, हिवर, कडुनिंब पाण्याविना उभे राहतात. गाजरगवत तेवढं फुलायच्या आत उपटा. तळ्याच्या काठाला दोन-तीन मीटर गवत न कापता ठेवा, वाहून येणारं खत तिथं अडतं.

उन्हाळ्यात मशीन फिरवण्याआधी उघड्या मुरमाड जागा पायी बघा. टिटवी तिथंच अंडी घालते, बहुधा चार, अगदी खड्यांसारखी. ती डोक्यावरून ओरडत झेपा घेऊ लागली की जवळपास अंडी आहेत असं समजा. चार काठ्या, दोरी, आणि नियम: चेंडू आत गेला तर दंड न लावता बाहेर नवा ठेवायचा. साधारण चार आठवड्यांनी पिलं निघतात आणि लगेच पायावर उभी राहून आईमागं चालू लागतात. मग दोरी गुंडाळायची.