मंडळीत आणि मंडळीबाहेर तोंड कधी उघडावं

आमच्या नगर भागात ख्रिस्ती माणसाला गप्प बसवायला तीन वाक्यं पुरतात. 'प्रार्थनेत ठेवू या.' 'दोष काढू नका, म्हणजे तुमचे काढले जाणार नाहीत.' आणि हे दोन्ही चाललं नाही तर हुकमाचं पान: 'अभिषिक्ताला हात लावू नका.' अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेला, इथे पाळकसाहेब. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा (चर्चचा) कारभार बघणाऱ्या समितीवर, आले आणि तिन्ही वाक्यं पोटभर ऐकली. कमिटीवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी बघायचं, लागलंय कोणाला? माझं नाव पत्रिकेत छापलं नाही, मला पुढच्या बाकावर बसवलं नाही, याचा राग आठ दिवसांत उतरतो. तो उतरू द्यावा. पण ज्याला लागलंय त्याला स्वतः बोलायची सोय नसेल, म्हणजे लहान मूल असेल, कंपाउंडात झाडलोट करणारी बाई असेल, संस्थेच्या शाळेत अजून कायम न झालेला शिक्षक असेल, तर आपलं गप्प बसणं ही नम्रता नव्हे. बायबलातल्या नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय आपण मदर्स डेला हौसेने वाचतो, सद्गुणी स्त्री वगैरे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला राजाची आई मुलाला बजावते की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू तोंड उघड. तेवढ्या ओळी मदर्स डेला वाचलेल्या मी अजून ऐकल्या नाहीत.

प्रभू येशू पकडला गेल्यावर हेरोद राजापुढे एक शब्द बोलला नाही, हे उदाहरण तुम्हाला हमखास देतील. खरं आहे. हेरोदाला चमत्कार बघायची हौस होती, आणि हौसेला उत्तर द्यायची गरज नसते. पण आदल्या रात्री शिपायाने तोंडात मारली तेव्हा येशूने विचारलंच: मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, योग्य बोललो असेन तर का मारतोस? पुरावा मागणं हे अख्रिस्ती नाही, एवढं इथून घ्यावं.

राहिला अभिषिक्त. दाविदाच्या जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल गुहेत एकटा सापडला तेव्हा दाविदाने त्याच्यावर हात टाकला नाही, हे सगळ्या पाळकांना पाठ असतं. पुढचं वाचायचं राहून जातं. दावीद गुहेबाहेर आला, शौलाला मोठ्याने हाक मारली, त्याच्याच झग्याचा कापलेला काठ हातात धरून दाखवला आणि त्याच्या माणसांदेखत त्याला जाब विचारला. हात न लावणं आणि तोंड न उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता रीत. बायबलातल्या मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याने जाऊन भेटायचं, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. पैशाच्या, वागण्याच्या, भांडणाच्या बाबतीत ही पायरी सोडू नका. निम्मी प्रकरणं पहिल्या भेटीतच मिटतात, कारण समोरच्याला खरोखर माहीत नसतं.

पण एका ठिकाणी ही पायरी मुळीच लावायची नाही. संडे स्कूलमधलं, वसतिगृहातलं एखादं मूल सांगत असेल की अमक्याने नको तिथे हात लावला, तर त्या अमक्याला 'एकट्याने भेटायला' जाऊ नका. त्याने सावध होण्यापलीकडे काही साधत नाही. पाळकसाहेबांच्या परवानगीचीही वाट बघू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 1098 ही चाइल्डलाइन आहे. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, ते जेवढं बोललं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि मुलाचं नाव प्रार्थनेच्या यादीतसुद्धा येता कामा नये. 'मंडळीची बदनामी होईल' असं कोणी म्हणालंच, तर त्याच मत्तय १८ मधली ओळ त्याला वाचायला द्या: लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं, ते त्याच्या हिताचं.

हिशेबाचं मात्र सावकाश चालतं. वार्षिक सभा उपासनेनंतर ठेवतात, पोटात कावळे ओरडत असतात, मागे कपबशा वाजत असतात, आणि खजिनदार पत्रक असं वाचतो की शेवटची ओळ आणि 'आमेन' एकाच श्वासात येतात. त्या पत्रकात 'इतर किरकोळ' नावाची एक ओळ असते. ती दुरुस्तीच्या ओळीपेक्षा मोठी असली की हात वर करायचा. 'पैसे खाल्ले' म्हणायचं नाही. म्हणायचं, "भाऊ, या किरकोळमध्ये काय काय आलं? व्हाउचर बघायला कधी येऊ?" आणि खाली बसायच्या आधी, "हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या." आरोप केलात की सभा तुमच्या स्वभावावर घसरते. प्रश्न विचारलात की सभेला आकड्यावरच राहावं लागतं. व्हॉट्सॅप ग्रुपवर यातलं काहीही टाकू नका. तिथे आधी जोडलेले हात येतात, मग वचनं, मग एकमेकांचे आजोबा.

जमिनीचं प्रकरण असेल तर कायदा हाताशी ठेवा. मंडळीची मिळकत सार्वजनिक न्यासाची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950, कलम 36. परवानगीची प्रत मागा, सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. 'विश्वासी माणसाने सरकारदरबारी जावं का' असं विचारतील. बायबलात फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडायला बघितलं. तो हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, म्हणाला. आणि ते आले.

जे पाहिलं तेवढंच बोला. यात मला पंडिता रमाबाईंचा दाखला द्यावासा वाटतो. 1897 साली पुण्यात प्लेगचा कडक बंदोबस्त होता. तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या एका मुलीच्या बाबतीत काय झालं ते सांगून, प्लेगच्या रुग्णालयात बायकांचे कसे हाल होतात ते वर्तमानपत्राला पत्र लिहून उघड केलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, गव्हर्नरने ते नाकारलं, तरी त्या मागे हटल्या नाहीत. 'आपल्या माणसांबद्दल बाहेर बोलू नये' असं ऐकलं की मला ते पत्र आठवतं.

मंडळीबाहेरही हेच. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाणी, झाडं आणि बेकायदा बांधकामं यावर बोलायला लागले, 'हरित वसई'चं आंदोलन उभं राहिलं. पाणी हा फादरांचा विषय नाही असं ज्यांना वाटत होतं त्यांच्याही विहिरी त्याच जमिनीत होत्या. आपल्या पातळीवर हे सोसायटीच्या सभेत येतं. 'त्यांच्यातल्या लोकांना घर द्यायचं नाही' असा ठराव कोणी तोंडी मांडतो, सगळे माना डोलावतात, आपणही सुस्कारा टाकतो की आज बोट आपल्याकडे नाही. तिथे भाषण लागत नाही. "माझा विरोध लिहा," एवढं म्हटलं तरी पुष्कळदा सेक्रेटरी तो ठराव कागदावर घेतच नाही.

बोलून झाल्यावर पुढच्या रविवारी नेहमीच्या बाकावर जाऊन बसा. ज्याला प्रश्न विचारला त्याला 'जय ख्रिस्त' म्हणा. तो बघणार नाही, तरी म्हणा. मंडळी बदलू नका, निदान लगेच नाही. तुमच्याकडचं शास्त्रवाचन काढून घेतील. माझं काढलं होतं. तेव्हा चहाचं काम मागून घ्या, सगळ्या बातम्या तिथे आधी पोचतात. उपासना सुटल्यावर गेटाबाहेर दोघंतिघं हळूच येऊन म्हणतील, "बाई, बरं बोललात." आभार मानून त्यांना सोडू नका. पुढचा अर्ज पर्समध्ये तयार ठेवा, आणि पेनही.