घरातले पहिलेच तुम्ही कॉलेजला निघालायत? मग या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या करून झाल्यात)

घरात आपल्या आधी कोणीच युनिव्हर्सिटीचं तोंड बघितलेलं नसलं की अभ्यास जड जातोच असं नाही, अभ्यासाच्या आजूबाजूचं जे सगळं असतं ना ते जड जातं. क्रेडिट, इलेक्टिव्ह, ग्रेड पॉइंट, इंटर्नशिप हे शब्द काही मुलांच्या कानावर घरात जेवताना पडलेले असतात आणि आपण पहिल्यांदा ऐकतो ते ओरिएंटेशनच्या (नव्या मुलांना कॉलेजची माहिती देतात त्या) दिवशी, तेही मागच्या रांगेत बसून. मग वाटतं बाकीचे सगळे हुशार आणि आपणच ढ. तसं काही नाहीये, त्यांना फक्त कोणीतरी आधी सांगितलेलं असतं.

ऑफिस अवर्सचा उलटा अर्थ लावणे

ही माझी सगळ्यात मोठी चूक आणि सांगायलाही लाज वाटते. प्रोफेसरांच्या दारावर 'ऑफिस अवर्स ३ ते ५' लिहिलेलं असायचं आणि मला वाटायचं की या वेळात सर ऑफिसचं काम करतात, म्हणजे आत जायचं नाही, त्रास द्यायचा नाही! पूर्ण पहिलं वर्ष मी बरोबर ३ ते ५ सोडून जायचो आणि दार बंद बघून परत यायचो. तो वेळ विद्यार्थ्यांसाठीच ठेवलेला असतो हे मला दुसऱ्या वर्षी एका सिनियरने हसत हसत सांगितलं.

आता हे कळलं तरी आत जायचा धीर होत नाही, कारण 'काय विचारू' हाच प्रश्न असतो. 'सर काही कळलं नाही' म्हणू नका, त्यावर सरांनाही काय बोलावं कळत नाही. कुठपर्यंत कळलं आणि कुठे अडलं एवढंच सांगायचं. मेल करायचा असेल तर साधा असा, "सर, मी अमुक वर्गातला अमुक. तिसऱ्या युनिटमधलं पहिलं उदाहरण सोडवलं, दुसऱ्यात या स्टेपला अडलो. उद्या ऑफिस अवर्समध्ये दहा मिनिटं येऊ का?" बस. माफी मागायची गरज नाही, 'तुमचा अमूल्य वेळ' वगैरेही नको.

वर्गात जाणं बंद केलं म्हणजे विषय सोडला असं समजणे

हे लय महागात पडतं. विषय झेपत नाही म्हणून मुलं गुपचूप जायचं बंद करतात आणि वाटतं सुटलो, पण कागदावर तुमचं नाव तसंच असतं आणि शेवटी मार्कशीटवर येतो भोपळा. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन आणि ग्रेड पॉइंट म्हणजे त्या विषयातल्या मार्कांवरून मिळणारा आकडा. समजा सेमिस्टरला २० क्रेडिट आहेत, १६ क्रेडिटमध्ये तुम्हाला १० पैकी ८ ग्रेड पॉइंट मिळाले आणि ४ क्रेडिटच्या एका विषयात शून्य. १६ गुणिले ८ म्हणजे १२८, भागिले २०, सरासरी हातात ६.४. तोच विषय मुदतीत रीतसर ड्रॉप केला (म्हणजे फॉर्म भरून सोडला) असता तर भागिले १६, म्हणजे ८ चे ८ राहिले असते. मेहनत तेवढीच, फरक फक्त एका फॉर्मचा.

पण थांबा, लगेच ड्रॉप करायला पळू नका. बऱ्याच स्कॉलरशिपला अट असते की सेमिस्टरला किमान इतके क्रेडिट घेतलेच पाहिजेत, त्यामुळे आधी स्कॉलरशिप बघणाऱ्या ऑफिसात विचारा, मग अॅडव्हायझरला (विषय निवडताना सल्ला देणाऱ्याला), मग फॉर्म. आणि हा विषय पुढच्या कुठल्या विषयासाठी आधी पास असावा लागतो का तेही बघा, नाहीतर शेवटच्या वर्षी कळतं की डिग्री एका विषयासाठी अडकलीय. मुदत होऊन गेली असेल तरी विचारा, आजारपण किंवा घरची अडचण असेल तर बऱ्याच ठिकाणी अर्ज करायची सोय असते, कागदपत्रं मात्र लागतात.

सारखं वाचत बसणे

शाळेत पाठ करून निभावलं, म्हणून इथेही तेच, पिवळा हायलायटर घेऊन आख्खं पान रंगवायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग केला होता, काही मुलांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना ४२. म्हणूनच आदल्या रात्री वाचून सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात डोकं कोरं. वही बंद करा आणि लिहून बघा, कंटाळा येतो, पण उपयोग होतो.

मेल न बघणे

कॉलेजचा मेल रोज बघा. फीमधल्या सवलतीची शेवटची तारीख मी अशीच घालवली, ग्रुपवर कोणीतरी टाकेल म्हणून बसलो आणि कोणीच टाकलं नाही.

आपण कुठून आलो ते लपवणे

मी दोन वर्षं घरचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. नंतर वाचनात आलं की निकोल स्टीफन्स या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता, २०१४ साली छापून आला. वर्षाच्या सुरुवातीला साधारण तासभर सिनियर मुलांनी नव्या मुलांना सांगितलं की आपण कुठल्या घरातून आलो, त्यामुळे काय अडलं आणि आपण काय केलं. घरातली पहिलीच कॉलेजला आलेली जी मुलं तिथे होती ती पुढे प्रोफेसरांना भेटणं, मदत मागणं हे जास्त करायला लागली आणि वर्षाअखेर त्यांच्या आणि बाकीच्यांच्या मार्कांतलं अंतरही कमी झालं. तासाभराच्या गप्पांनी, बघा. तेव्हा असा एक तरी सिनियर शोधा आणि त्याला सरळ सांगा की घरात विचारायला कोणी नाही, मला आजवर यावर कोणी हसलेलं नाही (तो ऑफिस अवर्सवाला सोडून).

घरच्यांना फक्त 'सगळं मस्त' सांगणे

त्यांना कळणार नाही म्हणून आपण काहीच सांगत नाही, मग ऐन परीक्षेत फोन येतो की दोन दिवस ये, काम आहे, आणि आपण चिडतो. पण त्यांना परीक्षा कधी आहे हे सांगितलंय कोणी? सेमिस्टर सुरू झालं की परीक्षेच्या तारखा घरी पाठवा, जमलं तर कागदावर लिहून भिंतीला लावायला सांगा. नापास झालात तर तेही तुमच्याच तोंडून कळू द्या आणि सोबत पुढची परीक्षा कधी आहे ते सांगा. माझ्या आईला बॅकलॉग (नापास होऊन राहिलेला विषय) म्हणजे काय ते समजावताना मीच रडलो होतो, तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग परत कधी आहे पेपर?"