डी४ ला ई५: एन्ग्लुंड गॅम्बिट काळ्याला परवडतो का, हे घरी कसे तपासावे

नागपुरातल्या रविवारच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांच्या मधे तर्री-पोह्याच्या बशा हातात घेऊन खेळाडू उभे असले की एक प्रश्न हमखास निघतो. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, म्हणजे डी४ खेळले, तर काळ्याने लगेच राजापुढचे प्यादे तसेच टाकून, म्हणजे ई५ खेळून, एक प्यादे देऊन टाकावे का? प्यादे देऊन डाव सुरू करण्याच्या या पद्धतीला, म्हणजे गॅम्बिटला, स्वीडनच्या फ्रिट्झ एन्ग्लुंड यांचे नाव मिळाले आहे आणि इंटरनेटवरच्या तीन मिनिटांच्या डावांत ती वारंवार भेटते. मीही ती वर्षभर हौसेने खेळलो. त्या वर्षात हळूहळू हाती आलेली तपासणीची पद्धत येथे मांडतो. ती कोणत्याही आडवळणाच्या बचावाला लावता येते.

आधी ‘भक्कम’ या शब्दाचा अर्थ ठरवून घ्यावा. पहिली चाल पांढऱ्याची असल्यामुळे सुरुवातीला त्याची थोडी सरशी असणारच आणि त्याबद्दल काळ्याने तक्रार करू नये. पांढऱ्याने सर्वांत चांगले उत्तर दिल्यावरही काळ्याची मोहरी नीट बाहेर येतात, राजा सुरक्षित जागी पोहोचतो आणि डाव लढवता येतो, तो बचाव भक्कम. पांढरा चुकला तरच जो जगतो, तो सापळा. सापळा लावण्यात गैर काही नाही, मात्र त्याला बचाव समजून आपण पाच तासांच्या डावाला बसलो, तर तो महागात पडतो.

आता पट मांडावा आणि इंजिन (चाली तपासणारा संगणकीय प्रोग्राम) बंदच ठेवावे. पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच आणि आडव्यांना पांढऱ्याच्या बाजूपासून १ ते ८ म्हणतात; ‘घोडा सी६’ म्हणजे घोडा सी६ या घरावर. चाली अशा: १. डी४ ई५ २. प्यादे ई५ वर मारते, घोडा सी६ ३. घोडा एफ३, वजीर ई७ ४. उंट एफ४, वजीर बी४ वरून शह ५. उंट डी२, वजीर बी२ वरचे प्यादे मारतो. येथे पांढऱ्याला उंट सी३ वर आणून वजिरावर हल्ला करण्याचा मोह होतो, आणि सापळ्याचे सारे मर्म या मोहात आहे. काळा उंट बी४ वर नेतो, तेव्हा सी३ वरचा उंट राजासमोर जखडला जातो आणि त्याला वजीर मारता येत नाही. पांढरा वजीर डी२ वर आणून आधार देतो, काळा सी३ वर उंट मारतो, पांढरा वजिराने परत मारतो, आणि काळ्याचा वजीर सी१ वर जाऊन मात करतो. वजिराऐवजी घोड्याने मारले तर मात टळते, पण ए१ वरचा हत्ती शहासकट जातो. पहिल्यांदा हा डाव साधतो, तेव्हा माणूस दोन दिवस हवेत असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

यानंतर पट फिरवून पांढऱ्याच्या बाजूने बसावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण स्वतःच्या लाडक्या चालींची फजिती स्वतःच्या हाताने करायची असते. मीही ती गाळली होती. ती मला एका स्पर्धेत समोर बसलेल्या बाराएक वर्षांच्या मुलीने शिकवली. सहाव्या चालीला तिने उंटाकडे पाहिलेही नाही, घोडा सी३ वर ठेवला आणि पाण्याची बाटली उघडली. मी उंट बी४ वर नेला, तिने हत्ती बी१ वर आणला, माझा वजीर ए३ वर पळाला आणि तिचा घोडा डी५ वर येऊन बसला. डी२ वर उंटांची अदलाबदल झाली, मी ए२ वरचे प्यादेही खाल्ले, आणि तिने हत्ती निमूटपणे डी१ वर सरकवला. सी७ वर घोडा आला की राजा आणि हत्ती दोघांवर एकदम घाव. म्हणून मला राजा डी८ वर न्यावा लागला आणि किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क संपला. माझ्याकडे एक प्यादे जास्त होते, पण वजीर कोपऱ्यात एकटा भटकत होता, एक घोडा सोडला तर बाकीची मोहरी घरीच होती आणि राजा मध्यावर उघडा होता. तिचा दुसरा घोडा जी५ वर आला, तेव्हा एफ७ चे काय करायचे हे मला सुचेना. जे नागपूर शहर रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता यांच्यासारखे ग्रँडमास्टर घडवते आणि जिथल्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून तोच किताब मिळवला, तिथल्या मुलांना हा सापळा ठाऊक नसेल असे मी गृहीत धरले होते, ही चूक माझीच.

इंजिन आता सुरू करावे. ते दाखवते तो आघाडीचा आकडा केवळ पाहून निकाल देऊ नये, तरी आकड्याचा अर्थ कळलेला बरा: स्टॉकफिश या इंजिनाच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये अधिक १.०० याचा अर्थ इंजिन इंजिनाशी खेळले तर त्या बाजूच्या विजयाची शक्यता सुमारे निम्मी, असा धरलेला आहे, आणि एन्ग्लुंडमध्ये पांढऱ्याची आघाडी साधारण तेवढी किंवा त्याहून जास्त दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच वेळी तीन-चार पर्याय दाखवण्याची सोय वापरून पांढऱ्याला चांगल्या चाली किती आहेत आणि त्या किती सहज सुचतात, हे पाहावे. खंडन करणारी चाल एकच असेल आणि ती विचित्र दिसत असेल, तर जलद डावात धोका पत्करता येतो. येथे मात्र घोडा सी३ ही कोणत्याही नवशिक्याला सुचणारी चाल आहे. चौथ्या चालीलाच ती केली आणि ई५ चे प्यादे परत देऊन टाकले, तरी पांढऱ्याचा डाव आरामात चालतो.

स्वतःच्या डावांचा हिशेब करताना पहिल्या दहा चालींत जिंकलेले डाव बाजूला काढावेत आणि उरलेल्यांत किती गुण मिळाले, तेवढेच मोजावे. माझ्या वहीत हा हिशेब केल्यावर पुढे फार काही तपासायचे उरले नाही.

दिसायला विचित्र असलेला प्रत्येक बचाव या कसोटीत नापास होतो, असे मात्र नाही. १९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारा येथे टोनी माइल्स यांनी तेव्हाचे जगज्जेते अनातोली कार्पोव्ह यांच्या ई४ ला ए६ असे उत्तर दिले, दुसऱ्या चालीला बी५ खेळले आणि डाव जिंकला. त्यात पांढऱ्याला मध्य मिळतो आणि त्याची सरशी राहते हे खरे, पण काळ्याने प्यादे दिलेले नसते, उंट बी७ वरून ई४ वर नजर ठेवतो आणि पुढे सी५ खेळून मध्याला धक्का देता येतो. माझ्या मते हा बचाव काठावर पास होतो.

ज्यांना डी४ ला ई५ खेळल्यावाचून राहवत नाही, त्यांनी एक चाल थांबावे. आधी घोडा एफ६ वर काढावा आणि पांढऱ्याने सी४ खेळले तरच ई५ टाकावे. हा बुडापेस्ट गॅम्बिट. पांढऱ्याने दुसऱ्या चालीला घोडा एफ३ वर काढला तर तो मिळत नाही, म्हणून जोडीला दुसरा एखादा बचाव तयार हवा. प्यादे मारले की घोडा जी४ वर जातो, पांढरा उंट एफ४, काळा घोडा सी६, पांढरा घोडा एफ३, काळा उंट बी४ वरून शह, पांढरा दुसरा घोडा डी२, काळा वजीर ई७, आणि काळ्याला बहुधा प्यादे परत मिळते. यातही सापळा आहे, पण तो सरळ चालींच्या ओघात येतो. पांढऱ्याने ए३ खेळल्यावर काळा जी४ वरच्या घोड्याने ई५ मारतो. हावरेपणाने बी४ वरचा उंट खाल्ला, तर तोच घोडा डी३ वर जाऊन मात करतो, कारण ई२ चे प्यादे वजिरामुळे जखडलेले असते आणि डी३ राखणारे सी२ चे प्यादे दुसऱ्याच चालीला सी४ वर निघून गेलेले असते.