अवघड इतिहास रविवारच्या वर्गात: मॉर्मन वॉर्डातल्या शिक्षकांसाठी

ज्यांना जग मॉर्मन म्हणतं त्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’मध्ये संडे स्कूलचा शिक्षक पगारी नसतो, आणि बहुतेकदा इतिहासाचा अभ्यासकही नसतो. वॉर्ड म्हणजे स्थानिक मंडळी; तिचा प्रमुख असलेल्या बिशपकडून बोलावणं येतं, ‘हे कॉलिंग (सेवेची जबाबदारी) घ्याल का?’ असं विचारलं जातं आणि लवकरच तो वर्गापुढे उभा असतो. समोर चार पिढ्या चर्चमध्ये असलेल्या घरातल्या आजी असतात, मागच्याच महिन्यात बाप्तिस्मा झालेला तरुण असतो, आणि चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या बायकांबद्दल रात्री फोनवर वाचून गप्प बसलेलं कोणीतरी हमखास असतं. तिघांना एकाच खोलीत शिकवायचं असतं.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे धोरण इथे कामाचं नाही. मूठ चर्चनेच उघडली आहे. 2013 ते 2015 या काळात चर्चने बहुपत्नीत्व, वंश आणि पुरोहितपद (सर्वसाधारण पुरुष सदस्यांना मिळणारा धार्मिक अधिकार), बुक ऑफ मॉर्मन या जोसेफने दिलेल्या धर्मग्रंथाचं भाषांतर अशा अवघड विषयांवर तेरा निबंध आपल्या संकेतस्थळावर टाकले. 2016 मध्ये प्रेषित (चर्चचे वरिष्ठ नेते) एम. रसेल बॅलर्ड यांनी चर्चच्या धर्मशिक्षकांना बजावलं की या निबंधांची खडानखडा माहिती हवी. विद्यार्थ्याच्या प्रश्नावर ‘त्याची काळजी करू नका’ म्हणण्याचे दिवस गेले. तेव्हा सांगावं की नाही हा प्रश्न उरलेला नाही. किती, कधी आणि कुठल्या धाग्याला जोडून, एवढंच ठरवायचं.

आधी वेळेचा हिशेब

सप्टेंबर 2025 पासून संडे स्कूल दर रविवारी असतं, पण 25 मिनिटांचं. लोक सॅक्रामेंट मीटिंगमधून, म्हणजे रविवारच्या मुख्य उपासनेतून, गप्पा मारत येणार, शेवटी प्रार्थना होणार; हातात वीस मिनिटं उरली तर नशीब. एवढ्या वेळात इतिहासाचा एकच मुद्दा बसतो. दोन घेतले की दोन्ही अर्धवट राहतात, आणि लोक अर्धवट ऐकलेलंच घरी नेतात.

तो मुद्दा त्या आठवड्याच्या ‘कम, फॉलो मी’ या चर्चच्या अभ्यासक्रमाच्या वाचनातून निघाला पाहिजे. चार वर्षांचं चक्र आहे: 2026 जुना करार, 2027 नवा करार, 2028 बुक ऑफ मॉर्मन, 2029 डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स (मुख्यतः जोसेफच्या प्रकटीकरणांचा ग्रंथ). भाषांतराचा विषय 2028 मध्ये आपोआप येतो आणि बहुपत्नीत्वाचा 2029 मध्ये, कलम 132 पाशी. जुन्या कराराच्या वर्षात उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला काइन येतो, जोसेफनेच भाषांतर म्हणून दिलेलं बुक ऑफ अब्राहामही येतं. वाचन स्तोत्रसंहितेचं आणि शिक्षक बोलतोय मॉर्मनांनी वाटसरू स्थलांतरितांना मारलं त्या 1857 च्या माउंटन मेडोज हत्याकांडावर, असं झालं की माहिती कितीही खरी असली तरी वर्गाला वाटतं, याला काहीतरी ओकायचं होतं.

मुद्दा मधल्या दहा मिनिटांत ठेवा. सर्वांत जास्त नुकसान करते ती शेवटच्या तीन मिनिटांत टाकलेली माहिती: प्रश्न विचारायला वेळ नाही, लगेच प्रार्थना, आणि माणूस ते ओझं घेऊन पार्किंगमध्ये एकटा.

साधनं कुठली, आणि किती जवळची

चर्चच्या गॉस्पेल लायब्ररी ॲपमधले निबंध आणि चर्चच्या इतिहासावरचे छोटे लेख एवढं पुरेसं आहे. मूळ कागद पाहायचे तर जोसेफ स्मिथ पेपर्सच्या संकेतस्थळावर हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि त्यांचं वाचन फुकट मिळतं. बाहेरची पुस्तकं तयारीसाठी जरूर वाचा, वर्गात मात्र चर्चचंच साधन हातात धरा. यात भित्रेपणा नाही. कुणी हरकत घेतली तर ‘हे चर्चच्याच पानावर आहे’ या उत्तरापुढे वाद सरकत नाही.

निबंध वाचताना तळटीपा सोडू नका, खरी माहिती अनेकदा तिथेच असते. मग प्रत्येक विधानापुढे तीन गोष्टी लिहा: कोण सांगतंय, केव्हा सांगतंय, घटनेनंतर किती वर्षांनी. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. इथे तोच नियम. बुक ऑफ मॉर्मनचं भाषांतर मुख्यतः 1829 च्या एप्रिल ते जूनमधलं. टोपीत दगड ठेवून, तिच्यात तोंड खुपसून जोसेफ मजकूर सांगत असे, असं त्याच्या पत्नीने, एमा स्मिथने सांगितलं ते 1879 मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. जोसेफचा तेव्हाचा सहकारी डेव्हिड व्हिटमरने तसंच छापलं 1887 मध्ये. तोवर त्याला चर्च सोडून जवळजवळ अर्धशतक झालं होतं. पण दोघंही स्वतः तिथे हजर होती आणि दोघांचं मुख्य बाबतीत जुळतं. हे सगळं सांगितलं की वर्ग स्वतः तोलायला लागतो. नुसतं ‘टोपीत दगड ठेवायचा’ म्हटलं तर एक तर हशा पिकतो, नाहीतर शांतता पसरते.

एक धडा उघडून पाहू

पहिल्या दर्शनाची, म्हणजे किशोरवयीन जोसेफला देवाचं दर्शन झाल्याची, हकिगत सुरुवातीला घ्यायला उत्तम, कारण कागद भरपूर आहेत आणि जखम कमी. जोसेफ स्मिथच्या स्वतःच्या चार हकिगती आहेत: 1832, 1835, 1838 आणि 1842. धर्मग्रंथात छापलेली आहे ती 1838 ची.

अर्ध्या ए-फोर कागदावर 1832 आणि 1838 मधल्या पाच-सहा ओळी शेजारी शेजारी छापा. जोड्या करून सहा मिनिटं द्या. पहिला प्रश्न असा: ‘या हकिगतीतल्या मुलाला काय हवंय?’ 1832 मध्ये तो आपल्या पापांची क्षमा शोधतोय आणि ‘प्रभू’ दिसल्याचं सांगतो. 1838 मध्ये कुठलं चर्च खरं हे विचारतोय आणि दोन व्यक्ती दिसल्याचं सांगतो. वयही हलतं: 1832 च्या कागदावर सोळावं वर्ष, एरवी चौदा. फरकांबद्दलचा प्रश्न दुसरा ठेवा. हा क्रम उलटा केला, ‘विसंगती शोधा’ने सुरुवात केली, की वर्गाचं कोर्ट होतं आणि लोक फिर्यादी नाहीतर वकील बनतात.

फरक फळ्यावर सरळ लिहा. ‘तसं काही विशेष नाही’ म्हणत पुसट करू नका. ताकाला जाऊन भांडं लपवलेलं वर्गाला कळतं. फरकाची कारणं मात्र वर्गाला सुचू द्या: श्रोता वेगळा, वय वेगळं, 1838 मध्ये चर्चवर आलेली संकटं वेगळी. कुणी म्हणालं, ‘मला हे पटत नाही’, तर तेही फळ्यावर जागा मिळण्याच्या लायकीचं आहे.

जिथे दुखतं तिथे

वंशाचा विषय काइनच्या अध्यायाशी येतो आणि तो टाळता येत नाही, कारण पूर्वी कृष्णवर्णीयांना पुरोहितपद नाकारायला त्याच वचनांचा आधार दिला जायचा. फळ्यावर चारच सनावळ्या: 1836, इलायजा एबल या कृष्णवर्णीय सदस्याला पुरोहितपद मिळालं. 1852, जोसेफनंतरचे चर्चप्रमुख ब्रिगम यंग यांनी कृष्णवर्णीय पुरुषांना ते मिळणार नाही असं जाहीर केलं. जून 1978, बंदी उठली. डिसेंबर 2013, चर्चच्या निबंधाने बंदीची जुनी स्पष्टीकरणं नाकारली. पहिल्या दोन सनांतच अर्धा धडा आहे: बंदी सुरुवातीपासून नव्हती.

इथे हमखास कोणी ज्येष्ठ ब्रदर म्हणतात, ‘त्यांनी पूर्वजन्मात, म्हणजे स्वर्गातल्या आयुष्यात, कमी निष्ठा दाखवली म्हणून...’ त्यांना झापू नका आणि सोडूनही देऊ नका. खोलीत एखादं कृष्णवर्णीय कुटुंब बसलेलं असेल तर तुमचं गप्प बसणं म्हणजे होकार ठरतो. ‘ब्रदर, ही शिकवण अनेकांनी लहानपणी ऐकलीय. चर्च आज काय म्हणतं ते वाचू या,’ म्हणा आणि निबंधातलं नेमकं वाक्य मोठ्याने वाचा. पान आधीच उघडून ठेवलेलं हवं. फोनवर शोधत बसलात तर तो क्षण गेला. प्रेषित ब्रूस मॅकॉन्की यांनी ऑगस्ट 1978 मध्येच, आपण स्वतः पूर्वी जे बोललो तेही विसरा, असं सांगितलं होतं; ज्येष्ठांना हे ऐकून माघार घेणं सोपं जातं.

बहुपत्नीत्वात आकड्यांचा गोंधळ होतो, म्हणून ते लिहूनच न्या. निबंधाच्या तळटीपेत जोसेफ स्मिथच्या पत्नींचा काळजीपूर्वक अंदाज 30 ते 40 असा आहे. त्यांतले काही संबंध फक्त परलोकापुरते होते. त्यांतल्या हेलन मार किंबॉलचा जोसेफशी विवाह तिला पंधरा पूर्ण व्हायला काही महिने असताना झाला. ‘त्या काळी सगळ्यांची लग्नं त्याच वयात होत’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. असा विवाह कायदेशीर होता हे खरं, सर्रास होता हे नाही, आणि वर्गातली कोणीही मुलगी ते दोन मिनिटांत तपासू शकते. एमाचा विरोध आणि दुःखही सांगा. ते वगळलं की बायका सर्वांत आधी कान बंद करतात. बहुपत्नीत्व थांबवणाऱ्या 1890 च्या जाहीरनाम्याने प्रथा एका दिवसात संपली नाही, म्हणून 1904 चा दुसरा जाहीरनामा लागला, हेही त्याच कागदावर असू द्या. किशोरवयीनांचा वर्ग असेल तर आई-वडिलांना आदल्या आठवड्यात दोन ओळींचा निरोप पाठवा.

बोलण्यातली पथ्यं

‘चर्चने हे लपवलं’ या वाक्याने सुरुवात केली की उरलेली वीस मिनिटं कोणाचा हेतू काय होता यावरच जातात. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा. शांततेला घाबरून स्वतःच उत्तर देणारा शिक्षक पुढच्या प्रश्नालाही एकटाच उत्तर देतो. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, पुढच्या रविवारी सांगतो’ म्हणा, आणि खरोखर सांगा, पहिल्या दोन मिनिटांत. आणि साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची जाहीर कबुली, द्यायची ती मनापासून द्या. पण अवघड प्रश्न आल्याबरोबर त्यावर साक्ष ठेवून झाकण लावू नका. विचारणाऱ्याला ते दार बंद झाल्यासारखं वाटतं आणि तो परत विचारत नाही.

वर्गानंतर पाच मिनिटं खोलीतच थांबा. खुर्च्या आवरायच्या निमित्ताने रेंगाळणारा माणूस बहुधा बोलायला थांबलेला असतो.

संडे स्कूलच्या अध्यक्षांना आदल्या आठवड्यात विषय आणि निबंधाची लिंक पाठवून ठेवा. तक्रार जाणारच असेल तर ती बिशपकडे पोचण्याआधी तुमचा कागद पोचलेला बरा. बोलावणं आलंच तर वर्गात वाटलेला तोच अर्धा ए-फोर घेऊन जा आणि कुठली ओळ खटकली ते विचारा; बऱ्याचदा तक्रार त्या ओळीबद्दल नसून ती वाचतानाच्या सुराबद्दल असते, आणि सूर पुढच्या रविवारी बदलता येतो.