पिल्लू घरी आलंय? सगळ्यात आधी ‘ये’ शिकवा

मराठवाड्यात बऱ्याच घरी कारवान किंवा पश्मीचं पिल्लू मोठ्या हौसेनं आणतात. नजरेनं शिकार हेरून धावणारी ही कुत्री. मोठं झाल्यावर ते एखाद्या दिवशी शेळ्यांच्या मागं सुटतं, तेव्हा हातात साखळी नसते. शिकवलेला शब्दच कामी येतो. म्हणून नवख्यानं ‘बस’च्या आधी ‘ये’ शिकवावं, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्यांदा घरच्यांनी मिळून एकच शब्द ठरवा. आजी ‘यू यू’ करते, मुलगा ‘कम’ म्हणतो, तुम्ही ‘इकडं ये’. पिल्लानं ऐकायचं कुणाचं? आणि गंमत म्हणूनही कुणाच्या अंगावर ‘छू’ करू देऊ नका.

मग दार लावून घरातच पिल्लापासून दोन पावलांवर बसा. नाव घेऊन एकदाच ‘ये’ म्हणा. आलं की एक-दोन सेकंदांतच उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा द्या. उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. जेवणाआधी, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा एवढं पुरे. घरात जमलं की अंगणात, नंतर पंधरा फुटी दोरी बांधून शिवारात.

आलेल्या कुत्र्याला कधीच मारू नका. आमची राणी एकदा अर्धा तास गायब होती. परत आली आणि मी रागाच्या भरात तिला चापट मारली. त्यानंतर हाक मारली की ती दोन हातांवर थांबायची, कान पाडून, शेपूट पायांत घालून. तो विश्वास परत मिळवायला मला महिना लागला.

‘बस’ सोपं आहे. तुकडा नाकावरून हळूच मागं न्या, मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं.

लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराच्या, भीतीनं पिल्लाला रस्त्यावर सोडू नका. पण कडेवर घेऊन ट्रॅक्टर, बाजार, लहान मुलं जरूर दाखवा. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत जे पाहिलं, त्याची भीती पुढं सहसा राहत नाही. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. तारीख पशुवैद्यकांकडून लिहून घ्या.

उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत उरका. डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही तिथं भाजतात.